मन, मत आणि मांडणी : वंशवाद म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल १९८७ रोजी वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय कैद्याचे अपील पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळले. एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल जॉर्जिया राज्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती. बचाव पक्षाने डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास न्यायालयापुढे ठेवला. त्यासाठी सत्तरच्या दशकातले दोन हजारांहून अधिक खटले तपासले होते. गुन्ह्याचे स्वरूप, पूर्वीचे गुन्हे असे इतर घटक हिशेबात घेऊनही निष्कर्ष स्पष्ट होता : मारला गेलेला माणूस गोरा असेल, तर देहान्त होण्याचा संभव ४.३ पट होता. अभ्यास खरा आहे असे गृहीत धरूनच न्यायालयाने निकाल दिला. या विशिष्ट खटल्यात कुणीतरी हेतुपुरस्सर भेदभाव केला, एवढे मात्र सिद्ध झाले नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. १९९१ मध्ये मॅक्लेस्कीला मृत्युदंड देण्यात आला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितले, की एखाद्या खटल्यातले मत बदलता आले असते, तर ते याच खटल्यातले बदलले असते.

वंशवादाच्या व्याख्येचा प्रश्न कुणाला निव्वळ शब्दच्छल वाटत असेल, तर त्याने हा निकाल वाचावा. वंशवाद ही कुणाच्या तरी मनात असणारी गोष्ट असेल, तर न्यायालयाने ते मन शोधायला निघणे रास्तच होते. तो व्यवस्थेच्या घडणीत असेल, तर त्याचा पुरावा समोरच्या आकड्यांत होता आणि न्यायालय तो पाहून पुढे गेले. वंशवाद नेमका कशाला म्हणायचे आणि तो येतो कुठून, या दोन प्रश्नांवर गेल्या पाऊणशे वर्षांत तत्त्वज्ञ, इतिहासकार आणि मानसशास्त्रज्ञ भांडत आले आहेत. त्यांच्या उत्तरांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. एक गट मनाकडे बोट दाखवतो, दुसरा मताकडे, तिसरा मांडणीकडे.

मनातला द्वेष

पहिल्या गटाची सर्वांत नेटकी मांडणी होर्खे गार्सिया यांनी १९९६ मधल्या एका निबंधात केली. वंशवाद म्हणजे वंशाच्या आधारावर एखाद्याचे वाईट चिंतणे, किंवा त्याच्या भल्याबुऱ्याची पर्वा न करणे. तो माणसाच्या अंतःकरणातला दुर्गुण आहे. तिथून तो कृतीत, बोलण्यात आणि पुढे संस्थांमध्ये उतरतो. एखादी संस्था वंशवादी ठरते, ती तिच्या नियमांमागे किंवा कारभारामागे अशी बिघडलेली मने असतात म्हणून.

या विचारात मोठे बळ आहे. वंशवाद ही केवळ चूक नसून तो नैतिक अपराध का ठरतो, हे त्यातून लगेच कळते. पर्वा नसण्याचाही समावेश केल्यामुळे ही व्याख्या उघड द्वेषापुरती उरत नाही. जाळणारा आणि जळताना पाहून पाठ फिरवणारा, दोघेही तिच्यात येतात.

याच परंपरेत बरेच आधी, १९४६ मध्ये, ज्याँ-पॉल सार्त्र यांनी ज्यूद्वेषाविषयी लिहिले होते. ज्यूद्वेष हे एक मत आहे आणि लोकशाहीत इतर मतांसारखे ते बाळगायचा हक्क आहे, हा युक्तिवाद त्यांनी झिडकारला. ज्यूद्वेष ही माणसाने स्वतः निवडलेली वासना आहे, असे ते म्हणत. ज्यूंच्या वागण्यातून ती उपजत नाही. आपल्या जगण्यातली अनिश्चितता आणि जबाबदारी टाळण्यासाठी द्वेष्टा तिचा आश्रय घेतो.

पण या गटापुढे एक अवघड माणूस उभा राहतो, तो म्हणजे मायाळू मालक. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम बाळगणाऱ्या कित्येकांची मनापासून समजूत होती, की आपण या लेकरासारख्या माणसांचा सांभाळ करतो, आपल्यावाचून त्यांचे हाल होतील. वसाहतींतले अनेक मिशनरी आणि अंमलदार हेच म्हणत आले. इथे वाईट चिंतलेले नाही, पर्वा तर भरपूर आहे. आणि तरीही माणसाला माणूसपण नाकारलेले आहे. चार्ल्स मिल्स यांनी गार्सियांवर घेतलेला मुख्य आक्षेप या दिशेचाच होता. सगळा वंशवाद अंतःकरणात शोधू लागलो, तर स्वच्छ अंतःकरणाने चालवलेली गुलामगिरी आपल्या हातून निसटते.

मत

दुसरा गट म्हणतो, की मूळ दोष समजुतीत आहे. क्वामे अँथनी अप्पाया यांनी १९९० मध्ये इथे एक उपयोगी वाटणी केली. माणसांचे काही मोजके वंश आहेत आणि प्रत्येक वंशाचा आनुवंशिक गाभा वेगळा आहे, ही पहिली समजूत. ती खोटी आहे. पण केवळ तिच्यामुळे कुणी कुणाचा छळ करेलच असे नाही. त्या गाभ्यातून बुद्धी, प्रामाणिकपणा किंवा शौर्य कमीजास्त होते, म्हणून वागणूकही कमीजास्त द्यावी, ही दुसरी. तिसरी पायरी आणखी पुढची आहे : गुणांशी काही देणेघेणे नाही, तो आपल्या वंशाचा नाही एवढेच पुरे.

दुसऱ्या पायरीवरच्या माणसाची परीक्षा सोपी आहे. त्याला पुरावा दाखवा. बुद्धीचा वंशाशी संबंध नाही हे दिसल्यावर त्याने मत बदलले, तर तो चुकलेला माणूस होता. पण अनुभव असा, की बहुतेक वेळा मत बदलत नाही. पुरावाच बाजूला सारला जातो. डेव्हिड ह्यूम यांचे उदाहरण बोलके आहे. पुराव्याशिवाय काही मानू नये हे युरोपला शिकवणाऱ्या या तत्त्वज्ञाने, राष्ट्रांच्या स्वभावांवरच्या आपल्या निबंधाला १७५३ मध्ये एक तळटीप जोडली आणि गोऱ्यांखेरीज इतर माणसे स्वभावतःच हीन असावीत, असा संशय तीत नोंदवला. जमैकात एक विद्वान कृष्णवर्णीय असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. त्याची संभावना त्यांनी पोपटपंची करणारा म्हणून केली. त्याच्या दोनच दशके आधी, १७३४ मध्ये, आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून लहानपणी युरोपात नेलेल्या अँटोन विल्हेल्म आमो यांनी जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठात मनाच्या संवेदनशक्तीवर प्रबंध सादर केला होता. पुढे ते विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवत होते. पुरावा उपलब्ध होता, त्याकडे नजर वळली नाही. ह्यूम यांच्याच स्कॉटलंडमधल्या जेम्स बीटी यांनी १७७० मध्ये त्यांना खोडून काढले, त्यामुळे त्या काळी सगळेच तसा विचार करत होते, ही सबबही टिकत नाही.

इमॅन्युएल कान्ट यांच्यावरचा वाद याहून खोल आहे. प्रत्येक माणूस स्वतःच साध्य आहे, त्याला कधीही केवळ साधन मानू नये, हे सांगणाऱ्या कान्टनी १७७५ च्या निबंधापासून वंशांची उतरंड रचली होती. रॉबर्ट बर्नास्कोनी यांच्या मते वंशाची शास्त्रीय वाटणारी संकल्पना घडवण्यात कान्ट यांचा वाटा मोठा आहे. पॉलिन क्लाइनगेल्ड यांनी २००७ मध्ये असे मांडले, की १७९० च्या दशकात कान्टनी ही उतरंड सोडून दिली आणि वसाहतवादावर टीका केली. मिल्स यांचा प्रश्न मात्र दोघांनाही ओलांडून जातो. ‘माणूस’ या शब्दाखाली मुळात कोण धरले होते? समानतेचे तत्त्व आणि विषमतेचा व्यवहार एकाच डोक्यात सुखाने नांदतात, तेव्हा नुसते मत तपासून भागत नाही. ते मत कुणाच्या सोयीचे होते, हेही पाहावे लागते.

लॉरेन्स ब्लम यांनी २००२ मध्ये या चर्चेत एक इशारा दिला. कमी लेखणे आणि द्वेष करणे या दोन गोष्टींनाच त्यांनी वंशवाद म्हटले. अडाणीपणाने बोललेला शब्द, परक्या माणसासमोरचे अवघडलेपण, दुसऱ्याच्या इतिहासाविषयीचे अज्ञान या गोष्टी वाईट आहेत. पण सगळ्यांना एकच जहाल नाव दिले, तर त्या नावाची धार जाते आणि समोरचा माणूस ऐकणेच बंद करतो. हा इशारा पुढे लक्षात ठेवावा लागेल.

मांडणी

तिसरा विचार रस्त्यावरच्या लढ्यातून वर आला. १९६७ मध्ये स्टोकली कार्मायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी आपल्या ‘ब्लॅक पॉवर’ या पुस्तकात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. १९६३ मध्ये तिथल्या चर्चमध्ये गोऱ्या दहशतवाद्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार कृष्णवर्णीय मुली मेल्या. सगळ्या देशाने हळहळ व्यक्त केली. त्याच शहरात पुरेसे अन्न, निवारा आणि औषधपाणी नसल्यामुळे दरवर्षी पाचशे कृष्णवर्णीय बाळे दगावत होती. त्याबद्दल कुणाला अटक झाली नाही, होणारही नव्हती, कारण बॉम्ब ठेवणारा हात तिथे नव्हता. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी संस्थात्मक वंशवाद म्हटले.

हा प्रकार चालतो कसा, ते अमेरिकेतल्या घरांच्या इतिहासात दिसते. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले. कर्ज देण्यास धोक्याच्या वस्त्या त्यांत लाल रंगवल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लालच असत. घरकर्जाला सरकारी हमी देण्याचे धोरणही त्याच विचारावर चालले. घर हीच सामान्य कुटुंबाची मुख्य मिळकत. ती एका पिढीला घेता आली नाही, म्हणून पुढच्या पिढीला वारसा मिळाला नाही. शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो, म्हणून शाळाही गरीब राहिल्या. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरवला. पण आजचा एखादा बँक कर्मचारी कुणाचाही द्वेष न करता, फक्त अर्जदाराची मिळकत तपासून निर्णय देतो, तेव्हाही तो जुना लाल रंग निकालात उतरतोच.

ब्रिटनमध्ये हीच कल्पना एका खुनाच्या चौकशीतून सरकारी दप्तरात आली. १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा लंडनमध्ये गोऱ्या टोळक्याने खून केला आणि पोलिसांनी तपासात अक्षम्य हेळसांड केली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलाला संस्थात्मक वंशवादाचा दोषी ठरवले. नकळत बाळगलेले पूर्वग्रह, अज्ञान आणि साचेबंद समजुती यांतून संस्थेचे सामूहिक अपयश घडते, असे त्या अहवालाने मांडले. एकेका पोलिसाच्या मनात शिरून तो द्वेष्टा आहे की नाही, हे पाहायची गरज उरली नाही.

या विचाराला तात्त्विक चौकट दिली टॉमी शेल्बी यांनी. वंशवाद ही एक विचारप्रणाली आहे. समाजात दूरवर पसरलेल्या काही समजुती अन्याय झाकतात, त्याला स्वाभाविक भासवतात आणि टिकवून धरतात. म्हणून त्या वंशवादी. त्या बाळगणाऱ्याचे मन दुष्ट असायलाच हवे असे नाही. मत आणि मांडणी इथे एकत्र येतात. समजूत खोटी आहे एवढेच पुरत नाही, ती काय काम करते हे महत्त्वाचे ठरते. मायाळू मालकाचे कोडे इथे सुटते. त्याची माया खरी असेल, पण त्या मायेमागची समजूत गुलामगिरी उभी ठेवत होती.

जन्म कुठे झाला?

स्वरूपाच्या प्रश्नामागे उगमाचा प्रश्न नेहमी उभा असतो. द्वेष आधी आणि गुलामगिरी नंतर, असे मानणारा मनाकडे वळतो. गुलामगिरी आधी आणि द्वेष नंतर, असे मानणारा मांडणीकडे वळतो.

त्रिनिदादचे इतिहासकार आणि पुढे त्या देशाचे पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी १९४४ मध्ये ठामपणे लिहिले, की गुलामगिरी वंशवादातून आली नाही, वंशवाद गुलामगिरीतून आला. ऊस आणि तंबाखूच्या मळ्यांना स्वस्त आणि बांधलेले मजूर हवे होते. ते आफ्रिकेतून मिळाले. समर्थन मागाहून तयार झाले. विन्थ्रॉप जॉर्डन यांनी १९६८ मध्ये दुसरी बाजू मांडली. आफ्रिकी माणूस भेटण्याआधीच इंग्रजांच्या भाषेत आणि धर्मकल्पनांत काळा रंग म्हणजे मळ, पाप आणि अशुभ असे समीकरण होते. ते मळ्यांच्या गरजेला येऊन मिळाले.

व्हर्जिनिया वसाहतीची कागदपत्रे हा वाद बराचसा उजेडात आणतात. १६१९ मध्ये तिथे पहिले वीसएक आफ्रिकी उतरवले गेले. तेव्हा मळ्यांवर राबणारे बहुतेक लोक ठरावीक मुदतीच्या कराराने आलेले गोरे मजूर होते. १६४० मध्ये तीन मजूर मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉट, तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली; पंचला जन्मभराची चाकरी ठोठावली. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरले, म्हणजे मालकापासून गुलाम बाईला झालेले मूलही गुलाम. बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही, असे १६६७ मध्ये ठरले. १६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकन यांच्या बंडात गोरे मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले आणि त्यांनी राजधानी जाळली. एडमंड मॉर्गन यांच्या विवेचनानुसार त्यानंतर दोघांमध्ये भिंत घालण्याचे काम कायद्यांनी केले. १६९१ मध्ये मिश्र विवाहांना बंदी आली. १७०५ च्या संहितेने मुदत संपलेल्या गोऱ्या मजुराला मका, पैसे आणि बंदूक देऊ केली, आणि गुलामांवरचा ताबा पक्का केला.

या क्रमात पूर्वग्रह अगदी सुरुवातीपासून दिसतो, नाहीतर १६४० चा निकाल तसा लागला नसता. पण त्या पूर्वग्रहाला पिढ्यान् पिढ्या टिकणारे रूप दिले ते कायद्याने आणि मालकीच्या हितसंबंधाने. गरीब गोऱ्याला मिळालेल्या त्या बंदुकीचा अर्थ पुढे डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये उलगडला. गोऱ्या कामगाराला पगार कमी मिळाला, तरी गोरेपणाचा मान हे त्याचे दुसरे, मानसिक वेतन होते. त्या मानाने त्याला काळ्या कामगाराच्या शेजारी उभे राहू दिले नाही.

मळ्यांच्या अर्थकारणाने सगळे उलगडते, असे मात्र नाही. जॉर्ज फ्रेडरिकसन यांनी आधुनिक वंशवादाचा एक धागा स्पेनपर्यंत मागे नेला. १३९१ च्या दंगलींनंतर हजारो ज्यूंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १४४९ मध्ये टोलेडो शहराने त्यांच्या वंशजांना सार्वजनिक पदे बंद केली. धर्म बदलला तरी रक्त शुद्ध होत नाही, हा तो निर्णायक विचार. स्पेन-पोर्तुगालमधली ती वृत्ती गोव्यातही पोचली. दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउश द कास्त्रो यांना गोव्याच्या चर्चने पुरोहितपद नाकारले. ते रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाले. शुद्ध रक्ताचा आग्रह धरणारी पोर्तुगीज चर्चसत्ता तरीही त्यांना बरोबरीचे मानायला राजी नव्हती. धर्म एक झाला, भाषा शिकून झाली, पद मिळाले, आणि जन्म मात्र आड येत राहिला. धर्मद्वेषाला बाहेर पडण्याची एक वाट असते. वंशवाद ती वाट बुजवतो.

विसाव्या शतकातल्या जर्मनीचा अनुभव तर केवळ फायद्याच्या हिशेबात बसतच नाही. युद्ध हरत असतानाही नाझी राजवटीने रेल्वे, सैनिक आणि कामगार ज्यूंच्या संहारासाठी राबवले. हाना आरेंट यांनी १९५१ मध्ये या संहाराकडे जाणारी वाट वसाहतींच्या साम्राज्यातून गेल्याचे दाखवले. आफ्रिकेत वापरलेल्या राज्यपद्धती आणि कल्पना युरोपात परतल्या. एकदा सिद्धान्त उभा राहिला, की तो आपल्या जन्मदात्या गरजेपासून सुटून स्वतःच्या गतीने धावतो आणि शेवटी आपल्याच चालकांचे हित पायदळी तुडवतो.

विज्ञानाचा शिक्का

त्या सिद्धान्ताला शास्त्राचा आधार मिळाला, त्या कथेच्या सुरुवातीला भारत येतो. औरंगजेबाच्या दरबारातल्या एका अमिराच्या आश्रयाने राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए मायदेशी परतला. १६८४ मध्ये त्याने देशांऐवजी शरीरांवरून माणसांचे चार-पाच प्रकार पाडणारा छोटा लेख प्रसिद्ध केला. हिंदी माणसाचा सावळा रंग त्याने उन्हाचा परिणाम मानला आणि त्याला युरोपीयांच्याच प्रकारात घातले. रंगाला इतके कमी महत्त्व देणाऱ्या वर्गीकरणाचे पुढच्या दोन शतकांत काय झाले, हे आपण जाणतो. वर्गीकरणकार लिनियस आले, ब्लूमेनबाख आले, मग कवट्या मोजणारे आले.

त्या कवट्यांच्या इतिहासात इरावती कर्वे यांचे स्थान महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी गेल्या. फिशर हे जर्मनांच्या आफ्रिकी वसाहतीतल्या मिश्र संततीवरच्या अभ्यासाने नाव कमावलेले, आणि पुढे नाझी धोरणांना शास्त्रीय पाठबळ देणारे. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल वंशाशी निगडित आहे आणि त्यातून युरोपीयांची बौद्धिक सरशी दिसते, अशी त्यांची अटकळ होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या. असमतोल सगळ्यांतच होता. वंशाशी त्याचा संबंध आढळला नाही. आपल्याच मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष वसाहतीतून आलेल्या एका तरुण स्त्रीने बर्लिनमध्ये बसून लिहिला. पुराव्याशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, ते यातून कळते.

जीवशास्त्राने पुढे हा प्रश्न जवळपास मिटवला. १९५० मध्ये युनेस्कोने वंशश्रेष्ठत्वाला शास्त्राधार नसल्याचे जाहीर केले. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले, की माणसांमधल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच असते. वंशांचा जैविक पाया असा ढासळला. तरी वंशवाद उरला, आणि मताच्या सिद्धान्तापुढचा हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. फ्रांत्झ फॅनन यांनी १९५६ मध्येच पॅरिसच्या कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांच्या परिषदेत याचे भाकीत केले होते : कवट्या आणि जनुके यांची भाषा सोडून वंशवाद आता संस्कृतीची भाषा बोलेल. एतिएन बालिबार यांनी १९८८ मध्ये त्याला वंशांशिवायचा वंशवाद म्हटले. ‘ते हीन आहेत’ असे कुणी म्हणत नाही. ‘त्यांची संस्कृती आपल्यात मिसळणारी नाही’ असे म्हणतात, आणि ती संस्कृती रक्तासारखीच जन्मजात मानतात.

माणसाचा स्वभावच तसा?

आपले आणि परके हा भेद माणसाच्या मेंदूतच असेल, तर इतिहास कशाला उगाळायचा? हा प्रश्न प्रामाणिक आहे. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. तुला अमुक चित्रकार आवडतो, एवढ्या क्षुल्लक कारणावरून गट पाडले, तरी मुले आपल्या गटाला झुकते माप देत होती. भेद करण्याची वृत्ती जुनी आणि खोल आहे, यात शंका नाही.

पण तो भेद कशावर बेतायचा, हे वृत्ती सांगत नाही. रॉबर्ट कुर्झबन, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडिस यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोण कोणाच्या बाजूचा आहे हे कपड्यांच्या रंगावरून कळू लागले, तसा लोकांच्या मनातला त्वचेच्या रंगाचा प्रभाव लक्षणीयरीत्या ओसरला. म्हणजे मेंदू गट शोधतो. वंश हा गट त्याला समाज पुरवतो. ब्रिस्टलच्या मुलांनी आपल्या गटाला दोन पैसे जास्त दिले, त्यांनी चित्रकाराच्या आवडीवरून कुणाची मुले विकली नाहीत. स्वभाव आणि व्हर्जिनियाची संहिता यांच्यामधले अंतर इतिहासाने भरले आहे.

जात आणि वंश

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केले, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी काम केले. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दशकही झाले नव्हते. अन्यायाची दोन रूपे एकाच जातकुळीची आहेत, हे त्यांनी विद्यापीठांच्या किती तरी आधी ओळखले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेवरून नाव घेतले, तेव्हा तोच धागा पुढे चालला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका तात्त्विक दृष्ट्या सर्वांत काटेकोर आहे. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिझ्ले यांनी नाकांची मापे घेऊन जात म्हणजे वंश असे ठरवले होते. आंबेडकरांनी ते १९३६ मध्ये ‘जातिसंहारा’च्या भाषणात नाकारले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांचे मूळ एकच आहे, जात वंशभेदातून आलेली नाही, असे त्यांनी लिहिले. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी मापांचाच आधार घेऊन ही उपपत्ती पुन्हा खोडली. आणि याच आंबेडकरांनी १९४६ मध्ये द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची माहिती मागवली, अस्पृश्यांची स्थिती निग्रोंच्या स्थितीसारखीच आहे असे सांगून. यात विसंगती नाही. जात वंशातून आली नाही, तरी जन्मावर माणसाची किंमत ठरवण्याचे काम दोन्हीकडे सारखेच चालते.

अमेरिकेत ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्ये उलटा आक्षेप घेतला होता. वंशभेदाला जात म्हणू नका, वंशभेद भांडवलशाहीने जन्माला घातला आहे, त्याची आणि प्राचीन जातीची सरमिसळ करू नका. २००१ मध्ये डर्बन इथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत हाच प्रश्न राजकीय झाला. जातीचा विषय वंशवादाच्या परिषदेत आणायला भारत सरकारने विरोध केला. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनीही जातीला वंश म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या चूक असल्याचे बजावले. दलित संघटना मात्र ठाम राहिल्या. १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात वंश, रंग, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांच्याबरोबर ‘कुळजन्म’ हाही आधार आहेच. त्यात जात येते, असा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये दिला. जात म्हणजे वंश नव्हे, हे बेतेय यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यावरून जातीचा प्रश्न त्या सभागृहाबाहेर ठेवावा, असे निघत नाही. कारण वंश म्हणजेसुद्धा वंश नव्हे. ८५ टक्क्यांच्या त्या आकड्यानंतर वंश हीदेखील माणसांनी आखलेली जन्मरेषाच उरते.

दोष आणि जबाबदारी

या सगळ्या वादातून मला जे ठामपणे दिसते, ते असे. वंशवादाचा कणा मांडणीत आहे. जन्मावरून आखलेली एक रेषा. त्या रेषेच्या आधारे श्रम, जमीन, मान आणि सुरक्षितता यांची वाटणी. आणि ती वाटणी निसर्गाने किंवा देवाने केली असे सांगणारी समजूत. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे वंशवाद आहे. ब्लम यांचा इशारा इथे पाळता येतो. प्रत्येक अंतर किंवा प्रत्येक अवघडलेपण हा वंशवाद नव्हे. रेषा, वाटणी आणि समर्थन दाखवता आले पाहिजे. द्वेष ही या मांडणीची उपज आहे, आणि जर्मनीने दाखवले तसा तो आपल्या मुळापासून तुटूनही वाढतो. म्हणून मनाचा सिद्धान्त खोटा नाही. तो वंशवादाच्या सर्वांत भयंकर क्षणांचे वर्णन करतो. पण त्या क्षणांपर्यंत समाज कसा पोचला, हे त्याला सांगता येत नाही.

मनाच्या सिद्धान्ताला लोक इतके धरून राहतात, त्याचे कारण समजण्यासारखे आहे. वंशवादी म्हणवून घेणे ही भयंकर गोष्ट आहे आणि निर्दोष माणसावर तो शिक्का बसू नये, असे कुणालाही वाटेल. आयरिस मॅरियन यंग यांनी या पेचातून वाट काढली. त्यांच्या मृत्यूनंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दोष मागे पाहतो : कुणी, कोणत्या हेतूने, काय केले? तिथे मन तपासलेच पाहिजे. जबाबदारी पुढे पाहते : ज्या व्यवस्थेत आपण रोज भाग घेतो, ती अन्याय घडवत असेल, तर ती बदलण्यात आपला वाटा किती? तिथे हेतूचा पुरावा मागणे म्हणजे अन्यायाला मुदतवाढ देणे आहे.

माझ्या मनात द्वेष नाही, हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खरे असते, आणि दोषाच्या प्रश्नाला ते उत्तर म्हणून पुरते. जबाबदारीच्या प्रश्नाला ते उत्तरच नाही. घर भाड्याने देताना, माणूस कामावर घेताना, शाळा निवडताना, सोयरीक जुळवताना आपण कोणती जन्मरेषा पुन्हा गिरवतो, हे प्रत्येकाला स्वतःच्या व्यवहारात तपासता येते. कायद्याला आणि संस्थांना ते आकड्यांत तपासता येते, आणि तपासावेच लागेल. जन्माने माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था माणसांनी, ठरावीक वर्षी, ठरावीक कलमांनी उभी केली, हे व्हर्जिनियाच्या कागदांनी सिद्ध केले आहे. जे माणसांनी कलमागून कलम लिहून बांधले, ते कलमागून कलम रद्द करून मोडताही येते. ते मोडण्यासाठी सगळ्यांची मने आधी शुद्ध होण्याची वाट पाहायची नसते. मने बदलतील, पण बहुधा मांडणी बदलल्यानंतरच.